खुला बाजार आणि बंद विणखाते

सरकारने धंद्यातून अंग काढून घ्यावे, मालक व मजूर यांनी परस्परांत करार करावा म्हणजे उभयतांचे कल्याण होईल, असा उपदेश आपणांस हल्ली पुनःपुन्हा ऐकविला जातो. या पंथाचे आचार्य मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ सालच्या 'कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम' या ग्रंथात असे प्रतिपादिले की, खुला बाजार माणसाचा वर्ण वा धर्म पाहत नाही. जो मालक भेदभाव करतो त्याला त्याची किंमत मोजावी लागते.

ठीक आहे. आपण मुंबईच्या गिरणीत जाऊन पाहू. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे मजुरीचा दर ठरविणारा कायदा नव्हता, राखीव जागा नव्हत्या. गिरण्या पुष्कळ होत्या आणि त्यांच्यात चढाओढही होती. तरीसुद्धा अधिक मजुरीचे विणखाते अस्पृश्यांना बंद होते! कारण काय, तर कांडी बदलताना धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. आमच्या माणसाने रिंगवर कमी मजुरीत राबावे. मालकाने याची कोणती किंमत मोजली? एकही गिरणी यापायी बुडाली नाही. उलट, सवर्ण विणकरांचा रोष ओढवून घेण्यापेक्षा अस्पृश्याला बाहेर ठेवणे हाच स्वस्त सौदा होता. बाजाराने हिशेब चुकविला नाही. हिशेब करूनच त्याने अस्पृश्यता पाळली.

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ठणकावल्यावर पुढाऱ्यांनी नाइलाजाने ही मागणी यादीत घातली, तेव्हा मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर त्यास आम्ही जबाबदार नाही. ते खोटे बोलले असे मी म्हणत नाही. बाजारात कोणीच जबाबदार नसतो, हीच तर त्याची खुबी!

आता कराराचे पाहा. भाव पडला तर कापसाची गासडी गोदामात थांबू शकते. मजुराचे पोट थांबत नाही. म्हणूनच १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी विचारले की, सरकारपासून मुक्ती ही नेमकी कोणाची मुक्ती? खंड वाढविणाऱ्या जमीनदाराची, आणि कामाचे तास वाढवून मजुरी कापणाऱ्या भांडवलदाराची! त्यांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळात, १९४६ साली, कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले ते कायद्याने, मालकाच्या औदार्याने नव्हे.

शहराच्या बाजाराने आमच्या पुष्कळांना गावकीच्या जोखडातून सोडविले, हे मी नाकारीत नाही. सरकारी कारखान्यांतही वरच्या खुर्च्या कोणाकडे गेल्या, तेही ठाऊक आहे. पण गटारांची जोखमीची सफाई माणसांकडून करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी असताना ठेकेदार माणूस खाली उतरवितोच, आणि उतरणारे बहुतेक त्याच ठराविक जातींचे असतात. करार तर कोणत्याही जातीच्या माणसाशी करता येतो ना? मग या कामाची निविदा निघाली की ठेकेदाराची पावले आमच्याच वस्तीकडे का वळतात, हे फ्रीडमनपंथीयांनी आम्हांस सांगावे.