चुकते आजी की मोजपट्टी?

‘स्मृतिभ्रंश बरा करणारं औषध नाही, मग तो होणार हे आधी कळून करायचं काय? उगाच जिवाला घोर!’ हा आक्षेप वरवर पटतो, पण टिकत नाही. कमी ऐकू येणं, अधू दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, एकटेपण असे बदलता येण्याजोगे 14 धोके दूर झाले, तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात, असं लॅन्सेट आयोगाचा 2024 चा अहवाल सांगतो. म्हणजे श्रवणयंत्र आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर मिळणं, हाही इलाजच. शिवाय आधी कळलं, तर शेत कोणाच्या नावे करायचं, हे बाईला स्वतः शाबूत डोक्यानं ठरवता येतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: भाकीत म्हणजे कपाळावरचा शिक्का. अमेरिकेतल्या ज्या नननी विशीत लिहिलेल्या आत्मवृत्तांत विचारांची दाटी कमी होती, त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमर हा स्मृतिभ्रंश जास्त आढळला, असं डेव्हिड स्नोडन यांनी 1996 मध्ये मांडलं. मग विशीतच ललाटलेख ठरला? मुळीच नाही. त्याच अभ्यासातल्या सिस्टर मेरी 101 वर्षं जगल्या. त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या, तरी मृत्यूपूर्वीच्या चाचण्यांत त्यांना उत्तम गुण होते. भाकीत शक्यता सांगतं, निकाल देत नाही.

खोट आहे ती मोजपट्टीत. ‘एमएमएसई’ या स्मृतिभ्रंशाच्या रूढ चाचणीत एक वाक्य लिहायला आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला सांगतात. जिच्या हाती कधी पेन्सिल आली नाही, तिचे गुण इथंच जातात. मग बचत गटातल्या सगळ्या जणींचे हप्ते ती तोंडपाठ का सांगेना! उलट, शब्द लक्षात ठेवण्यात स्त्रिया सरासरीनं पुरुषांहून सरस असतात, त्यामुळे शब्द आठवण्याच्या चाचणीत त्यांची सुरुवातीची घसरण झाकली जाते. एकीला उगाच आजारी ठरवायचं, दुसरीला उगाच ठणठणीत. भारतात साठीपुढच्या स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे 9 टक्के आहे, पुरुषांत 5.8. इतकी ढोबळ चूक आपल्याला परवडणारी नाही.

हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षरांसाठी हिंदी चाचणी केव्हाच घडवली गेली. तिथं ‘डोळे मिटा’ ही सूचना वाचायला देत नाहीत. तपासनीस स्वतः डोळे मिटून ‘माझ्यासारखं करा’ म्हणतो. अशीच चाचणी मराठीत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हवी, आणि साठीपासून दरवर्षी बाईची तुलना तिच्याच मागच्या नोंदीशी व्हावी. तोवर घरच्यांनी एवढं करावं: आईच्या हिशेबात, स्वयंपाकात, बोलण्यात वर्षभरात काय बदललं, ते डॉक्टरांना आपणहून सांगावं.