न मागता येणारा पेला

आपल्याकडील उपाहारगृहात जाऊन बसले, की काही मागण्याच्या आधीच पाण्याचा पेला समोर येतो. तो कोणी मागवलेला नसतो आणि त्याचे पैसेही पडत नाहीत. तहान असो वा नसो, हात आपोआप त्याच्याकडे जातो, आणि दोन घोट पोटात गेल्यावर आपण खाद्यपदार्थांची यादी वाचू लागतो. न मागता पुढे आलेल्या वस्तूला नाही म्हणणे माणसाला सहसा सुचत नाही. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने याच क्षुल्लक गोष्टीच्या आधारावर एक कायदा रचला आहे, आणि तो तुमच्याच वयाच्या मुलांसाठी आहे.

अमेरिकेतील झटपट उपाहारगृहांत मुलांसाठी निराळे जेवण ठेवण्याची रीत आहे. मॅकडोनल्ड्स या कंपनीने 1979 मध्ये ‘हॅपी मील’ या नावाने असे जेवण देशभर विकावयास आणले. इतर कंपन्यांचीही अशी जेवणे आहेत. रंगीत खोक्यात लहानसा बर्गर, तळलेल्या बटाट्याच्या काड्या, एखादे खेळणे आणि सोबत एक पेय. सर्वांची मिळून किंमत एकच. हे पेय म्हणजे कित्येक वर्षे बहुधा गोड सोडाच असे. आईबापांनी तो निवडलेला नसे, मुलांनीही नसे. जेवण मागितले की तो आपोआप येई.

त्या पेल्यात काय असते ते आकड्यांनी पाहू. कोका-कोलाच्या 355 मिलिलिटरच्या डब्यात 39 ग्रॅम साखर असते. चहाच्या चमच्याने मोजली तर ती जवळजवळ दहा चमचे भरेल. दोन ते अठरा वर्षे वयाच्या मुलांनी दिवसभरात वरून घातलेली साखर 25 ग्रॅमपेक्षा कमीच घ्यावी, असा सल्ला अमेरिकन हार्ट असोसिएशन या संस्थेने 2016 मध्ये दिला. मुलांच्या पेल्यात बर्फ असतो, त्यामुळे पेय थोडे कमी मावते, हे मान्य केले तरी दिवसाचा वाटा एका जेवणातच संपल्यासारखा होतो. शिवाय प्यालेली साखर ही खाल्लेल्या साखरेपेक्षा अधिक फसवी असते. पेरू किंवा केळे खाताना आपण चावतो, वेळ लागतो, पोट भरल्याची जाणीव होते. सोडा घशाखाली उतरला तरी भूक होती तेवढीच राहते. दातांवरील जंतू त्या साखरेचे आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात पोखरते. असे पेय रोजचेच झाले की वजन वाढते. आणि एके काळी प्रौढांचा समजला जाणारा मधुमेहाचा प्रकार आता मुलांनाही होऊ लागला आहे.

यावर उपाय काय करावा? पहिला विचार सुचतो तो बंदीचा. आपल्या देशात 2020 च्या नियमांनी शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरपर्यंत अतिगोड, अतिखारट व अतिस्निग्ध पदार्थ विकण्यास मनाई केली आहे. शाळेच्या आवारात ते योग्यच आहे; तेथे मूल शाळेच्या स्वाधीन असते. उपाहारगृहात मात्र मूल आईबापांबरोबर येते, पैसे ते देतात, आणि तेथे बंदी घातली तर लोक चिडतात किंवा पळवाट काढतात. सॅन फ्रान्सिस्को शहराने 2010 मध्ये असा नियम केला, की जेवण पौष्टिक नसेल तर त्याबरोबर फुकट खेळणे देऊ नये. मॅकडोनल्ड्सने त्या खेळण्याची किंमत दहा सेंट ठेवली! खेळणे फुकट राहिले नाही, नियमही मोडला नाही आणि सोडा तर जागच्या जागीच राहिला. चतुराईबद्दल कोणाला शाबासकी द्यावयाची असेल तर ती येथे द्यावी.

कॅलिफोर्नियाचा मार्ग निराळा आहे. आरंभ डेव्हिस नावाच्या लहानशा विद्यापीठनगरीने 2015 मध्ये केला. पुढे बिल मॉनिंग या सिनेटरने तीच कल्पना राज्याच्या विधिमंडळात मांडली. गोड पेयांच्या बाटल्यांवर धोक्याची सूचना छापावी, असे विधेयक त्यांनी 2014 मध्ये आणले होते, ते बारगळले. हे दुसरे, सौम्य विधेयक मात्र संमत झाले. सप्टेंबर 2018 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यावर सही केली आणि 1 जानेवारी 2019 पासून कायदा अमलात आला. मुलांच्या जेवणाबरोबर न मागता जे पेय येईल ते साधे पाणी, साखर न घातलेले सोड्याचे किंवा स्वादाचे पाणी, अथवा स्वाद न मिसळलेले दूध यांपैकीच असावे, असे हा कायदा सांगतो. दुधाऐवजी वनस्पतिजन्य दूधही चालते. यादीच्या फलकावर आणि जाहिरातीतही मुलांच्या जेवणाशेजारी हीच पेये दाखवावी लागतात. तथापि गिऱ्हाइकाने गोड सोडा मागितला, तर तो देण्यास उपाहारगृह मोकळे आहे.

म्हणजे कायद्याने कोणाच्या हातातील पेला हिसकावून घेतलेला नाही. फक्त न मागता येणारा पेला कोणता, एवढेच बदलले आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. माझ्या मुलाने काय प्यावे हे ठरवणारे सरकार कोण, असे काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. स्वातंत्र्य ज्यांना प्रिय आहे त्यांनी तो विचारलाच पाहिजे. परंतु कायदा येण्यापूर्वी ही निवड पालक करीत होते काय? मुळीच नाही. ती उपाहारगृहाच्या मालकाने आधीच करून ठेवलेली होती. गोड अर्कात वायुमिश्रित पाणी मिसळून केलेले पेय त्याला अतिशय स्वस्त पडते, म्हणून त्याने ते निवडले होते. पेला रिकामा कधीच नव्हता. तो कोणी आणि कोणाच्या हितासाठी भरावा, एवढाच वाद होता; आणि या वादात माझे मत कायद्याच्या बाजूचे आहे.

तरीही एक शंका उरते, आणि ती मला या आक्षेपाहून मोठी वाटते. माणसे विचार न करता समोरची वस्तू उचलतात म्हणूनच हा उपाय चालतो. फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या विहारनगरीने 2006 पासून मुलांच्या जेवणात सोड्याऐवजी पाणी, दूध किंवा फळांचा रस, आणि तळलेल्या बटाट्याऐवजी फळे किंवा भाज्या आपणहून देण्यास आरंभ केला. संशोधकांनी तेथील विक्रीची नोंद तपासली, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जेवणांत हे पेय आणि जवळजवळ निम्म्या जेवणांत फळे-भाज्या जशा आल्या तशा स्वीकारल्या गेल्याचे आढळले. आता विचारा: लोकांच्या बेसावधपणाचा असा उपयोग करून घेणे योग्य आहे काय? मला वाटते, तो उघडपणे केला असेल तर योग्य आहे. कायदा छापलेला आहे, फलक सर्वांना दिसतो, आणि एका शब्दाने तो पेला बदलून घेता येतो. जुना गोड पेलाही लोकांच्या बेसावधपणावरच जगत होता. मात्र त्याने तसे कधी कोणाला सांगितले नाही.

कायदा झाला म्हणून सारे सुधारले, असे मात्र समजू नये. पुढे केलेल्या पाहणीत कॅलिफोर्नियातील फलक बरेच बदललेले आढळले. पण जेवण मागावयास गेलेल्या गिऱ्हाइकाला कर्मचारी पूर्वीप्रमाणेच ‘प्यायला काय देऊ?’ असे विचारीत होते. पाणी किंवा दूध आपणहून सुचवणारा क्वचितच. एवढ्या एका प्रश्नाने कायद्याचा जीवच नाहीसा होतो. कारण ‘काय देऊ?’ असे विचारताच पेला पुन्हा मागण्याची वस्तू होतो, आणि मागावयाचे म्हटले की मुलाच्या तोंडी जाहिरातीतले नाव येते. कर्मचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. रांग लांब असते, आणि त्याला कोणी शिकवलेले नसते. दंड करण्यापूर्वी पहिल्या वेळी केवळ सूचना द्यावी असे कायदा म्हणतो. त्या सूचनेबरोबर काय बोलावे आणि काय बोलू नये हेही तपासनीसांनी सांगावयास हवे. फलक रंगवणे सोपे असते. सवयीची जीभ बदलावयास अधिक दिवस लागतात.

राज्याच्या हेतूविषयीही फार भाबडे राहण्याचे कारण नाही. त्याच 2018 सालच्या जून महिन्यात, पेयांच्या कंपन्यांच्या दबावाखाली, त्याच विधिमंडळाने शहरांना गोड पेयांवर नवा कर बसवण्यास 2030 अखेरपर्यंत मनाई केली. एका हाताने दुधाचा पेला पुढे सरकवला आणि दुसऱ्या हाताने सोड्याच्या बाटलीला छत्री धरली.

आणि या कायद्याचा हात पोहोचतो तो फक्त मुलांच्या जेवणापर्यंत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ते रंगीत खोके पोरकट वाटू लागते. मग तो मोठ्यांच्या यादीतून जेवण मागतो. तेथील पेला आकाराने मोठा असतो, पुष्कळ ठिकाणी रिकामा झाला की तो फुकट पुन्हा भरून घेता येतो, आणि त्यात न मागता काय यावे याविषयी हा कायदा एक अक्षरही बोलत नाही.