अंडं सुकायलाच हवं

पिल्लू अंड्यातच मेलं की आपल्याकडे निदान आधीच तयार असतं: पाणी कमी पडलं. मग पुढच्या खेपेला उबवणी पेटीत एकाच्या दोन वाट्या होतात. तरीही पिल्लं मेली तर तिसरी वाटी येते आणि वर कुणीतरी अंड्यांवर हाताने पाण्याचा शिपका मारतं. चिपळूणच्या पावसाळ्यात मी स्वतः हा उद्योग केला आहे. थर्माकोलची पेटी, आत बल्ब, छोटा पंखा, देशी कोंबड्यांची २४ अंडी. दमटपणाचा मीटर सुरुवातीला ४२ दाखवत होता. पेटीसोबतच्या पुस्तिकेत ५५ लिहिलं होतं, म्हणून मी वाट्या भरून काटेकोर ५५ राखले. नऊ पिल्लं निघाली, चार अंडी वांझ होती आणि उरलेली अकरा मी एकविसाव्या दिवसानंतर फोडून पाहिली. आत पूर्ण वाढलेली, फुगलेली, ओलीचिंब पिल्लं होती. ती कोरडेपणाने मेलेली नव्हती.

पाणीवाल्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. अंड्यात जीव आहे, जिवाला पाणी लागतं, मग ते आटू देता कामा नये. चूक इथेच आहे. अंडं घातलं जातं तेव्हा त्यात वाढीपुरतं पाणी असतंच, पण पिल्लू बलकातली चरबी जाळून वाढतं आणि चरबी जळली की तिच्या वजनाइतकंच नवं पाणी तयार होतं. ते बाहेर पडलंच पाहिजे. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून वाफ निघून जाते आणि तिच्या जागी अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी वाढत जाते. एकोणीस-वीस दिवसांचं पिल्लू पहिल्यांदा चोच खुपसतं ते या पोकळीत, आणि पहिला श्वास घेतं तोही तिथलाच. पाणी अडवलं की पोकळी लहान राहते आणि पिल्लू श्वास घ्यायच्या घडीला पाण्यात अडकतं. हर्मन रान आणि आमोस आर या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात लहान-मोठ्या अनेक पक्ष्यांच्या अंड्यांचा हिशेब मांडला. पूर्ण उबवणीत अंडं मूळ वजनाच्या सुमारे १५ टक्के पाणी गमावतं, असं त्यातून दिसलं. सुकणं हे अंड्याचं दुखणं नाही, ते त्याचं कामच आहे.

माझा हा अनुभव ऐकून सोलापूरच्या मामेभावाने पाणी पार बंद केलं. “दादा, तूच म्हणालास ना, पाण्याने मरतात?” मी तसंच म्हणालो होतो, त्यामुळे पुढच्या प्रकाराचा दोष माझ्याकडेच येतो. जानेवारीत त्याची पिल्लं किडकिडीत निघाली, काही तर कवचाखालच्या पापुद्र्याला चिकटून जागीच राहिली. ‘कोरडं उबवा, पाणी नकोच’ सांगणारा एक पंथच आहे आणि कोकणातल्या पावसाळ्यात तो बरोबर ठरतो, पण योगायोगाने. तेव्हा बाहेरची हवा २७ अंशांची आणि ९० टक्के दमट असली, तर ती पेटीत ३७.५ अंशांवर तापल्यावर तिचा आकडा आपोआप ५०च्या आसपास येतो, एक थेंबही पाणी न ठेवता. गरम हवेची वाफ पोटात घेण्याची ऐपत मोठी, म्हणून तेवढीच वाफ तिला अर्धपोटी वाटते. आता सोलापूर घ्या. रात्री १६ अंश आणि ६० टक्के, दुपारी २८ अंश आणि ३० टक्के असे आकडे धरा. बाहेर निम्म्याचा फरक दिसतो, पण दोन्ही वेळची हवा पेटीत तापली की आकडा सतराच्या आसपासच येतो. तिथे कोरड्या पंथाचं ऐकणं म्हणजे अंडी उन्हात वाळत घालण्यासारखंच.

तिसरा आक्षेप आजीच्या तोंडचा, म्हणून त्याचा मान राखून बोलायला हवं. खुडूक कोंबडी टोपल्यात रवणीला बसवायची, तिने कधी मीटर लावला होता? नव्हता. पण कोंबडी म्हणजे थर्माकोलची पेटीही नव्हती. तिच्या पोटाची उघडी कातडी अंड्याला थेट टेकते, ती मधूनच उठून चरायला जाते, अंडी चोचीने फिरवते. आणि तिच्याखालचं अंडंही हलकं होतच जातं. कोंबडीची नक्कल करायची असेल तर निदान एवढं तरी मान्य करावं.

मग धरायचं काय? माझं म्हणणं एवढंच की दमटपणा हे साध्य नाही, ते साधन आहे. साध्य आहे वजनातली घट: अठराव्या दिवसापर्यंत ११ ते १३ टक्के. पुस्तिकांतले ४५ ते ५५ हे आकडे खोटे नाहीत, सरासरी अंड्याला सरासरी हवेत ते बहुधा चालतात. पण घरच्या अंड्यांत एक कोंबडी म्हातारी, दुसरीचं कवच पातळ, तिसरी परवा विकत आणलेली. एका वयाच्या एका जातीच्या कळपाची अंडी उबवणारी मोठी केंद्रंसुद्धा ट्रे तोलून घट बघतात. मग आपण आकड्यावर श्रद्धा ठेवून बसावं, हे काही पटत नाही.

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरतो. देशी अंडं ४५ ग्रॅमचं धरलं तर तीस अंड्यांचे १३५० ग्रॅम. त्याचे १२ टक्के म्हणजे १६२ ग्रॅम, अठरा दिवसांत रोज नऊ. सातव्या दिवशी ट्रेचं वजन वजा करून ६३ ग्रॅम घटलेले असावेत. चाळीसच घटले असतील तर वाटी काढा, पंच्याऐंशी घटले असतील तर पाणी वाढवा. वाढवायचं ते खोलीत नाही, पसरटपणात, कारण वाफ पृष्ठभागावरून निघते. तांब्याभर पाण्यापेक्षा ताटलीभर पाणी जास्त काम करतं. दमटपणा वाढावा म्हणून पेटीची भोकं बुजवू नयेत, पिल्लांना हवाही लागते. वांझ अंडी काढली की मूळ वजनातून तीही वजा करावीत. आत जाणारा ऑक्सिजन आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड यांची वजनं जवळजवळ फिटंफाट होतात, म्हणून काट्यावर दिसणारी घट ही पाण्याचीच, यात शंका ठेवायचं कारण नाही.

शेवटच्या तीन दिवसांचा नियम वेगळा. आटवायचं ते आटलेलं असतं. पिल्लाने कवचाला टवका पाडला की पापुद्रा वाळून चिकटू नये म्हणून तेव्हा ६५ ते ७५ टक्के दमटपणा हवा आणि झाकण बंद. त्या दिवसांत पाणीवाले बरोबर असतात, पण तेवढेच तीन दिवस.

मामेभावाने विचारलं, मग हा मीटर फेकू का? फेकू नको म्हटलं, आधी तपास. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यात मीठ न विरघळता जेमतेम ओलं होईल इतकं पाणी घालायचं आणि मीटरसह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं. डब्यातला दमटपणा ७५ वर येतो. त्याचा मीटर ७४ म्हणाला. मग मीही माझा ठेवून बघितला, तर सकाळी ६७. म्हणजे त्या पावसाळ्यात मी काटेकोरपणे राखलेले ५५ प्रत्यक्षात ६३ होते आणि पहिल्या दिवशी ज्याला मी कमी समजलो ते ४२ म्हणजे बरोबर ५०. मीटरच्या पाठीला आता चिकटपट्टी आहे, तिच्यावर लिहिलंय: अधिक ८.