पायलटची झोप विकायला काढू नका!



5 डिसेंबर 2025 या एका दिवसात इंडिगो विमान कंपनीची हजारावर विमाने रद्द झाली. मुंबई, पुणे, नागपूर, सगळीकडे लोक अडकून पडले. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम आले म्हणून हे झाले, असे आता सर्रास बोलले जाते. ते खोटे आहे.

नियम काय आहेत? आठवड्याची सलग विश्रांती 36 ऐवजी 48 तास. रात्र मोजायची ती मध्यरात्रीपासून पहाटे 5 ऐवजी 6 पर्यंत. रात्रीच्या ड्युटीत 6 ऐवजी 2 च लँडिंग. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) हे जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले. पायलट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात लढल्या, तेव्हा कुठे जुलै 2025 मध्ये पहिला टप्पा आणि 1 नोव्हेंबरला दुसरा लागू झाला. तयारीला पावणेदोन वर्षे मिळाली! पायलट एका रात्रीत तयार होत नाही, एअरबसचा पायलट एटीआर विमानावर बसवता येत नाही, हे कंपनीला कुणी सांगायला हवे होते का? राखीव माणसे न ठेवता रोस्टर ताणले, की एका विमानाला उशीर होतो, पायलटचे तास संपतात आणि पुढचे विमान जागीच उभे राहते. नियोजन चुकले, हे कंपनीनेही कबूल केले आहे.

आणि सरकारने काय केले? चुकणाऱ्यालाच रात्रीच्या ड्युटीत 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली! साप्ताहिक विश्रांतीत रजा धरू नये, हा आदेशही मागे घेतला. नंतर इंडिगोची 10 टक्के उड्डाणे कमी करायला लावली. मग हिवाळ्यात वाढीव उड्डाणे मंजूर करतानाच पायलट का मोजले नाहीत?

समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा लाडच्या शिवाराला लागून जातो. चालकाला पहाटे लागलेली डुलकी काय करते, हे कारंज्याला दिल्लीने शिकवायला नको. विमानात तर मागे दीडशे-दोनशे माणसे बसलेली असतात.

यवतमाळ-वाशीमच्या खासदारांना आजच पत्र लिहा : पायलटांच्या विश्रांतीत पुन्हा एक दिवसही सूट नको. आधी पायलट मोजा, मगच वेळापत्रक मंजूर करा.

— कारंजा लाड येथील एक प्रवासी