जूनमधल्या दोन पेरण्या



मृगाचा पाऊस झाला की कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून अलीकडे दोन पेरण्या निघतात. एक शेतात, सरकीची. दुसरी शहरात, पोराच्या किंवा पोरीच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची. एकीकडे बियाण्याची पाकिटे, खताची पोती आणि मजुरी. दुसरीकडे प्रवेशाची फी, वसतिगृहाची अनामत आणि मेसचे आगाऊ पैसे. दोन्हींना पैसा एकाच वेळी लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरात विकण्यासारखे काही उरलेले नसते. सोसायटीचे पीककर्ज पेरणीच्या नावाने निघते आणि त्यातले निम्मे कॉलेजच्या खिडकीवर भरले जाते. मग खत-औषध कृषी केंद्राच्या उधारीवर येते. उरलेल्यासाठी माय बचत गटातून कर्ज उचलते. हा हिशोब आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आम्हाला बोलायचे आहे ते या हिशोबाच्या दुसऱ्या पानाबद्दल. ते पान पोराच्या पेटीत बसून शहरात जाते आणि तिथे रात्री उघडते.

पोराला सगळे माहीत असते. फी कुठल्या पैशातून भरली, कुठला गोऱ्हा विकला, कुणाच्या दारात बाप दोनदा जाऊन आला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. बाप फोनवर सांगतो, "पैशाची काळजी करू नको, तू फक्त अभ्यास कर." पोरगा सांगतो, "बाबा, इथं सगळं ठीक आहे." दोघेही एकमेकांच्या मायेपोटी खरे बोलत नाहीत. इकडे पावसाने ओढ दिलेली असते. तिकडे पोरगा एका डब्यात दोघे जेवत असतो, पुस्तकांची झेरॉक्स काढायचीही टाळत असतो. त्यात मराठी शाळेतून आलेल्या पोराला इंग्रजीतले तास डोक्यावरून जातात. विचारायची लाज वाटते. आपण नालायक आहोत आणि घर आपल्यापायी बुडते आहे, असे त्याच्या मनात घर करते.

एका गोष्टीचा हिशोब मांडून पाहू. मेसचा महिन्याचा खर्च साडेतीन हजार धरला तर दहा महिन्यांचे ३५,००० होतात. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला, पण गावात व्यापारी ओलावा आणि कवडीचे नाव काढून किती कापतो ते आपण जाणतो. हातात ७,००० पडले असे धरले तर ३५,००० म्हणजे ५ क्विंटल. कोरडवाहूत एकरी ५ क्विंटल म्हणजे बरे पीक. याचा अर्थ, एका लेकराची नुसती भाकरी एका एकराची अख्खी पऱ्हाटी खाते. वेचणी, फवारणी, बियाणे यात अजून वजा केलेले नाही. खोली, पुस्तके, एसटी, फी तर पुढेच आहे. पाच एकरवाल्याचे पोर हे गणित पहिल्या महिन्यातच तोंडी करते आणि प्रत्येक घासाबरोबर पुन्हा करते.

असे डोके गणितात अडकलेले असले तर अभ्यास कसा होणार? यावर एक अभ्यास झाला आहे. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांच्या तर्कबुद्धीच्या चाचण्या घेतल्या गेल्या. त्याच शेतकऱ्यांची चाचणी उसाचे पैसे येण्याआधी एकदा आणि पैसे आल्यावर एकदा. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. पैसे येण्याआधी, तंगीच्या दिवसांत, त्याच माणसांची कामगिरी कमी भरली होती. माणूस तोच, अक्कल तीच. फरक एवढाच की तंगीने डोक्यातली जागा व्यापलेली होती.

आता कॉलेजचे पहिले सत्र केव्हा असते ते पाहा. पावसाळ्यात सुरू होते आणि परीक्षा हिवाळ्याच्या तोंडाशी येते. कापसाचा पहिला चुकारा हाती पडतो तोही त्याच सुमारास, अनेकदा त्यानंतर. म्हणजे आपल्या लेकराचे पहिले सत्र अख्खे तंगीच्या दिवसांत जाते. एखाद-दुसरा विषय राहिला तर प्राध्यापक म्हणतात, खेड्यातली मुले कच्ची असतात. मुले कच्ची नसतात. फीचे पंचांग आणि कापसाचे पंचांग एकमेकांशी जुळत नाही, हे त्यातले खरे दुखणे आहे.

हे दुखणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सरकारच्याच गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्याच वर्षी विद्यार्थ्यांचा आकडा १३,०४४ होता. दोन्ही याद्यांत महाराष्ट्र पहिला. आत्महत्येला एकच एक कारण कधी नसते, आणि हे सगळे विद्यार्थी शेतकऱ्यांचे होते असेही नाही. पण शेतकरी आणि विद्यार्थी या दोन रकान्यांत एकाच घरातली माणसे येतात, हे आपल्याइतके कोण जाणतो?

मग पोराच्या मनावरचे ओझे कशाने उतरेल? आमच्या मते पहिले औषध म्हणजे खरा हिशोब. कर्ज त्याच्या शिक्षणाने झालेले नाही, हे त्याला आकड्यांनी दाखवले पाहिजे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांवर गेला. त्या भावाच्या भरवशावर कित्येकांनी पोरांना शहरात घातले. पुढच्या हंगामात भाव उतरला, फी मात्र उतरली नाही. २०२५ साली बोंडे फुटायच्या आधीच, १९ ऑगस्टपासून, कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला गेला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस बाजारात यायच्या ऐन वेळी. यात त्या अठरा वर्षांच्या लेकराचा काय दोष? बापाचाही काय दोष? कर्ज ही घराची अब्रू गेल्याची खूण नाही. ती धोरणाची पावती आहे. हे ज्याला कळले तो पोरगा तंगीत राहील, पण अपराध्यासारखा राहणार नाही.

म्हणून लेकरू शहरात जाण्याआधी एका संध्याकाळी माय, बाप आणि पोर यांनी वही घेऊन बसावे. यंदा किती देता येईल, कुठून, कोणत्या महिन्यात, हे लिहावे. कोणते दोन महिने ओढीचे जातील तेही लिहावे. दहा हजारांची खात्री असेल तर वीस सांगू नयेत. आणि एक गोष्ट तोंडाने बोलून दाखवावी, ती म्हणजे विषय राहिला तरी घरचे दार उघडे आहे. पाऊस दगा देतो तेव्हा आपण दुबार पेरणी करतो. जमिनीला कुणी शिव्या देत नाही. मग लेकराच्या एका एटीकेटीने आभाळ का कोसळावे?

पोरींच्या बाबतीत हे दुपटीने खरे आहे. पोराचा विषय राहिला तर तो पुन्हा परीक्षेला बसतो. पोरीचा राहिला तर घरात स्थळांची चर्चा सुरू होते. या धास्तीने पोरी आजारपण लपवतात, रडणे लपवतात. महाराष्ट्रात २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ झाली, हे चांगले झाले. पण फी माफ झाली तरी मेस, खोली आणि एसटी माफ झालेली नाही. "पैसे कमी पडले तर शिक्षण बंद," ही धमकी गमतीतही देऊ नका.

लक्षणेही ओळखता आली पाहिजेत. पोरगा फोन उचलेनासा झाला, सणालाही घरी यायचे टाळू लागला, झोप आणि जेवण तुटले, "माझा काही उपयोग नाही" असे बोलू लागला आणि हे पंधरवडाभर टिकले, तर कामे टाकून त्याला भेटायला जा. जीव नकोसा झाला आहे का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. १४४१६ हा टेली-मानसचा फोन सरकारने २०२२ पासून सुरू केला आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो. जिल्हा रुग्णालयातही मनाच्या आजारांचा डॉक्टर असतो. त्याच्याकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. तापाला डॉक्टर लागतो तसाच हा. आणि फवारणीचे औषध बारा महिने कुलपात ठेवा, किल्ली जबाबदार माणसाकडे द्या. शेतकऱ्याच्या घरात ही काळजी बापासाठी आणि पोरासाठी सारखीच लागते.

पण सगळे घरावर टाकून कसे चालेल? १९०१ साली राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात बोर्डिंग काढले, १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात काढले. शेतकऱ्याच्या पोराला फीपेक्षा आधी भाकरी आणि आपली माणसे लागतात, हे त्यांना कळत होते. आज शंभर वर्षांनी तेच पुन्हा मागावे लागत आहे. जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडावेत, असे आम्ही सुचवतो.

एक, कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलांची फी हप्त्यांनी घ्यावी आणि मोठा हप्ता जानेवारीनंतर ठेवावा.

दोन, राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता त्याच सत्रात खात्यात जमा व्हावा. पैसे सरकारकडून यायचे आहेत म्हणून हॉल तिकीट किंवा निकाल अडवू नये. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवायला तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच मनाई केली आहे.

तीन, ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. तरी सातबारा मागणाऱ्या शाखांची यादी प्रत्येक तालुक्याने करावी.

चार, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. तो नेमला आहे का, आणि त्याला आपल्या पोरांची मराठी समजते का, हे प्रत्येक कॉलेजला लेखी विचारावे.

पाच, शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करण्यासाठी २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. त्यात गावात बापाची चौकशी होते. शहरात शिकणाऱ्या त्याच्या लेकराचीही चौकशी व्हावी.

ठराव होतील, निवेदने जातील, उत्तरे यायला वेळ लागेल. तोवर एक काम आपल्या हातात आहे. बैठकीला येताना गावातून पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलामुलींची नावे, त्यांचे शहर आणि फोन लिहून आणा. ज्या शहरात आपले कुणी कार्यकर्ते किंवा नातलग आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा त्या लेकरांना घरी जेवायला बोलवावे. ताटात ज्वारीची भाकरी असावी, आणि जेवण झाल्यावर घरच्या हिशोबाबद्दल मोकळेपणाने बोलावे.