पिंजऱ्यातली झोप मोजताना

उंदराला आवाज ऐकू येतात का, हे त्याला विचारता येत नाही. त्यामुळे स्किझोफ्रेनियाचे प्राणी-प्रारूप म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा आजार माणसाचा, तो पिंजऱ्यात कसा आणणार? आक्षेप रास्तच आहे. झोपेपाशी मात्र त्याची धार कमी होते. झोपेबद्दल रुग्णाला काही सांगावे लागत नाही. आणि मंद लहरी, स्पिंडल या खुणा माणूस आणि उंदीर दोघांच्याही ईईजीत उमटतात.

माणसांवरील अभ्यासांत प्रश्न स्पष्ट मांडला गेला आहे. 2007 मध्ये फेरारेली आणि सहकाऱ्यांनी रुग्णांमध्ये स्पिंडल घटल्याचे दाखवले. 2012 मध्ये वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 20 रुग्णांची हालचाल सहा आठवडे नोंदवली. तुलनेसाठी त्यांनी बेरोजगार निरोगी माणसे घेतली, म्हणजे नोकरी नसल्याने झोप बिघडली, ही पळवाट उरली नाही. तरी सुमारे निम्म्या रुग्णांचे जैविक घड्याळ दिवस-रात्रीशी जुळत नव्हते. पण हे रुग्ण औषधांवर होते. आजाराचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे अशा अभ्यासात सुटे करणे अवघड.

इथे प्रारूपे कामी येतात. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या गटाने ‘ब्लाइंड-ड्रंक’ उंदीर तपासले. यांच्यात स्नॅप-25 या, चेतासंधीत रसायन सोडण्यास लागणाऱ्या, प्रथिनात उत्परिवर्तन असते. त्यांचे विश्रांती-हालचालीचे चक्र तुटक आणि पुढे सरकलेले निघाले, तेही अँटिसायकोटिकचा एक थेंब न देता. ब्रिस्टलच्या गटाने गर्भावस्थेच्या सतराव्या दिवशी मॅम हे रसायन दिलेल्या माद्यांची पिल्ले मोठी झाल्यावर अभ्यासली. त्यांची झोप तर तुटक होतीच, शिवाय कॉर्टेक्समधले स्पिंडल आणि हिप्पोकॅम्पसमधले रिपल यांचा मेळ विस्कटला होता. स्मृती पक्की होण्यात हा मेळ महत्त्वाचा मानला जातो. म्हणजे ‘किती तास झोपला’ एवढेच मोजून थांबलो, तर नेमके हेच निसटते.

आता आपल्या ॲनिमल हाऊसकडे वळू. उंदीर निशाचर. आपण सकाळी अकराला त्याची स्मृतिचाचणी घेतो, ती त्याच्या ऐन झोपेत. पिंजरे बदलणे, वजन घेणे, इंजेक्शने, सगळे त्याच वेळात. मग नियंत्रण गट आणि प्रारूप यांतला फरक आजाराचा, की झोपमोडीला दिलेल्या प्रतिसादाचा? वाणाचेही तेच. सर्रास वापरला जाणारा सी-57 ब्लॅक-6 उंदीर मेलाटोनिन जवळजवळ बनवतच नाही; त्याच्यावरून रुग्णाच्या मेलाटोनिनबद्दल बोलणे धाडसाचे. सी-3-एच बनवतो, पण त्याची दृष्टिपटलातली प्रकाशग्राही पेशींची फळी लहानपणीच झडते. निर्दोष वाण नाही. निवड का केली, हे सांगणे हाती आहे.

म्हणून यापुढे प्राणी-प्रारूपांवरील प्रत्येक लेखात चार गोष्टी आम्ही मागू: दिवे लागण्या-विझण्याची वेळ, चाचणीची वेळ त्या चक्रानुसार, वाण, आणि इलेक्ट्रोड बसवल्यानंतर सावरायला दिलेले दिवस. यासाठी वेगळे अनुदान लागत नाही. ईईजीची सोय नसेल, तर निदान हालचालीची अखंड नोंद जोडावी. दवाखान्यातल्या सहकाऱ्यांनीही नुसते ‘झोप कमी’ न लिहिता झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहाव्यात. तसे झाले तरच रुग्णाची नोंदवही आणि पिंजऱ्यातला आलेख शेजारी ठेवून वाचता येतील.