महागडी वही कोरीच?

मैत्रिणींनो, शहागंजातल्या दुकानात लेकीने रेशमी फितीची, जाड पुठ्ठ्याची महागडी वही मागितली. "आई, सगळ्याजणींकडे आहे गं!" घेतली. पण खराब होईल म्हणून महिनाभर एक अक्षर लिहिले नाही!

अशी वही घेताना पुठ्ठ्यावर भाळू नका. कागद किती ग्रॅमचा, ते विचारा. ८० ग्रॅमच्या पुढे शाई सहसा पाठीमागे उमटत नाही.

आपल्या दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांपासून हातकागद बनत आला. १३२७ साली राजधानी हलवणाऱ्या तुघलकाबरोबर ते कारागीर आले, असे सांगतात. एवढ्या मेहनतीचा कागद, तोही लिहिण्यासाठीच ना?

शेवटी पहिल्या पानावर मीच वाण्याचा हिशेब लिहिला. लेक रुसली, पण दुसऱ्या पानापासून तिची वही सुरू झाली!